पाश्चर आणि निरुपयोगी विद्या

1896 सालीं मुंबईंत प्लेग शिरला, तेव्हां पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत काम केलेल्या हाफकिन यांनीं याच शहरांत त्यावर लस बनविली व 1897 च्या जानेवारींत ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांचेंच नांव चालवीत आहे. परंतु ज्या विद्येचें हें फळ, तिचा उगम चिंचेलाही आंबट करणाऱ्या एका आम्लांत आहे, हें थोड्यांसच ठाऊक असेल.

लुई पाश्चर यांचा जन्म 1822 सालीं फ्रान्सांतील दोल गांवीं, कातडीं कमावणाऱ्याच्या घरीं झाला. आमच्याकडे अशा घरच्या मुलास शाळेच्या दारांतच अडविण्याची रीत होती. तेथें तो पॅरिसला जाऊन रसायनशास्त्री झाला.

द्राक्षांच्या दारूच्या पिंपांत जमणाऱ्या क्षारापासून टार्टारिक आम्ल होतें. तेंच बनवितांना एका कारखानदारास दुसरें आम्ल सांपडलें. दोहोंचे घटक एक, प्रमाणही एक. परंतु एकाच पातळींत कंप पावणारा प्रकाश पहिल्याच्या द्रावणांत उजवीकडे वळे, दुसऱ्याच्या द्रावणांत मुळींच वळत नसे. 1848 सालीं पंचवीस वर्षांच्या पाश्चर यांनीं या दुसऱ्या आम्लाच्या मिठाचे खडे निरखिले. ते दोन जातींचे, डाव्याउजव्या तळहातांप्रमाणें परस्परांचीं प्रतिबिंबें होते. गृहिणी तांदूळ निवडते तसे त्यांनीं ते एकेक निवडले. एक ढीग प्रकाशास उजवीकडे वळवी, दुसरा डावीकडे. समभाग मिसळतां दोघांचा परिणाम फिटे. सुमारें 27 अंशांवर हे खडे असे वेगळे होत नाहींत; मुंबईच्या उन्हाळ्यांत हा प्रयोग फसला असता. वृद्ध शास्त्रज्ञ बिओ यांनीं तो आपल्या समक्ष पुन्हां करविला, तेव्हांच मान्य केला.

हा भेद सजीव सृष्टीचें लक्षण आहे, अशा समजुतीनें पाश्चर आंबण्याच्या क्रियेकडे वळले. एक बुरशी उजवें आम्ल खाऊन डावें टाकते, हें त्यांनीं पाहिलें. तेथून ते जंतूंकडे व जंतूंवरून लसीकडे गेले. तीन मुली दगावल्या, 1868 सालीं डाव्या अंगावरून वारें गेलें. तरी 1885 सालीं पिसाळलेलें कुत्रें चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलास त्यांनीं लस टोचविली व तो वांचला. 1895 सालीं ते निवर्तले.

कार्बनच्या अणूचे चार बंध चार दिशांस पसरतात, त्यांतून हा भेद उपजतो, असें 1874 सालीं व्हान्ट हॉफ व ल बेल यांनीं मांडलें. आज गिरगांवांतील औषधांच्या दुकानांत मिळणाऱ्या लेव्होसेटिरिझिनच्या नांवांतील ‘लेव्हो’ म्हणजे हाच डावेपणा होय.

आमचे व्यापारी बंधु मुलास विद्येस घालतांना प्रथम विचारतात, यांतून मिळणार काय? 1848 सालीं हा प्रश्न पाश्चर यांस कोणी केला असता, तर त्यांनीं लसीचें नांवही घेतलें नसतें. तें त्यांस तेव्हां ठाऊकच नव्हतें. म्हणून आमची विनंती एवढीच कीं, शास्त्राच्या एखाद्या प्रश्नापाशीं मुलगा किंवा मुलगी रेंगाळली, तर तिला पेढीवर वा चुलीपाशीं ओढूं नये. दोन वर्षें अधिक शिकूं द्यावें. प्लेगांत वांचलेल्या शहरावर एवढें ऋण खचित आहे.