भुईमुगाच्या तेलावर चाललेले इंजिन

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये, एका जर्मन कुटुंबात झाला. १८७० मध्ये युद्ध पेटल्यावर कुटुंबाला फ्रान्स सोडून लंडन गाठावे लागले. रुडॉल्फला शिक्षणासाठी ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे पाठवले गेले. पुढे म्युनिकमध्ये कार्ल फॉन लिंडे यांच्या व्याख्यानांत त्यांना कळले, की वाफेच्या इंजिनात कोळशातील नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा वाया जाते. ही नासाडी थांबवण्याचा त्यांनी ध्यास घेतला.

हवा खूप दाबली की ती इतकी तापते, की तिच्यात सोडलेले इंधन ठिणगीशिवाय पेटते. या तत्त्वावर त्यांना १८९३ मध्ये पेटंट मिळाले. चाचणीत एकदा स्फोट झाला, पण १८९७ मध्ये त्यांच्या इंजिनाने सुमारे २६ टक्के कार्यक्षमता गाठली.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात असे एक छोटे इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवण्यात आले. आफ्रिकेतील वसाहतींत भुईमूग मुबलक पिकत असल्याने फ्रेंच सरकारला त्यात रस होता. डिझेल यांनी नंतर स्वतः असे प्रयोग केले. रशियात एरंडेलावरही इंजिन चालले. कोळसा आणि खनिज तेल संपले तरी सूर्यप्रकाशावर वाढणारी पिके ऊर्जा देतील, असे त्यांना वाटे.

२९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री, अँटवर्पहून इंग्लंडला जाताना ते बोटीवरून नाहीसे झाले. काही दिवसांनी समुद्रात मृतदेह सापडला. ते कर्जात बुडाले होते. पण मृत्यूचे गूढ उकलले नाही.

त्यांच्यामागे स्वस्त खनिज तेलाने बाजी मारली आणि इंजिनेही त्याच पातळ इंधनासाठी घडत गेली. आज घट्ट वनस्पती तेलावर अल्कोहोलची प्रक्रिया करून बायोडिझेल बनवतात. प्रश्न उरतो पिकाचा. ऑइल पाम हेक्टरी सोयाबीनच्या कित्येक पट तेल देतो, पण त्याच्या लागवडीसाठी जंगले तुटतात. भुईमूग आणि सोयाबीन तर ताटातलेच. भारतात पडीक जमिनीवर मोगली एरंड लावून पाहिला. पाणी आणि खताशिवाय त्याचे उत्पन्न अपेक्षेपेक्षा फारच कमी भरले. डिझेल यांच्या इंजिनाला भुईमूग चालला आणि एरंडही. जमीन, पाणी आणि अन्न यांचा हिशेब मात्र प्रत्येक पिकागणिक वेगळा मांडावा लागतो.