दुर्बळ राज्यांची बाजू कायद्याने लढविणारे दिवाण सर टी. माधवराव

कुंभकोणम, २० नोव्हेंबर : एका राज्याने दुसऱ्या राज्याविरुद्ध बळाचा वापर केव्हा करावा आणि तो न्याय्य होता की नाही हे कोणी ठरवावे, हा प्रश्न आज संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत वारंवार उपस्थित होतो. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील संस्थानांसाठी तो अस्तित्वाचाच प्रश्न होता. सैन्यबळ नसलेल्या राज्यांसाठी कारभार आणि कायदा यांच्या आधारे त्याचे उत्तर शोधणारे राजा सर टी. माधवराव यांचा जन्म २० नोव्हेंबर १८२८ रोजी कावेरीकाठच्या या नगरीत, तंजावरच्या मराठी परंपरेतील कुटुंबात झाला.

व्यंकोजी राजांनी तंजावरात भोसल्यांची गादी स्थापन केल्यानंतर अनेक मराठी घराणी या परिसरात स्थिरावली. माधवरावांचे चुलते व्यंकटराव आणि वडील रंगराव या दोघांनीही त्रावणकोरची दिवाणगिरी सांभाळली होती. मद्रास येथे शिक्षण पूर्ण करून काही काळ सरकारी नोकरी केल्यावर माधवराव १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले.

ते त्रावणकोरच्या सेवेत असतानाच, १८५५ मध्ये, तंजावरचे दुसरे शिवाजी राजे पुत्राविना निवर्तले. कंपनी सरकारने राज्य खालसा केले आणि राजघराण्याची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. निकाल त्यांच्या बाजूने लागला. परंतु लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये तो फिरविला. ही जप्ती सार्वभौम सत्तेने केलेली राज्यकृती असून तिची शहानिशा कोणतेही दिवाणी न्यायालय करू शकत नाही, असे तत्त्व त्यात मांडले गेले. ज्याने बळ वापरले त्याच्याखेरीज निवाडा करणारा कोणी उरलाच नाही.

त्रावणकोरवरही असेच संकट घोंघावत होते. १८०५ च्या तहानुसार या राज्याला कंपनीस दरसाल ८ लाख रुपये द्यावे लागत. ही रक्कम थकण्याची भीती वाटल्यास राज्यकारभार हाती घेण्याची मुभा त्याच तहाने कंपनीला दिली होती. तिजोरी रिकामी होती आणि गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी कारभार न सुधारल्यास राज्य खालसा करण्याची तंबी दिली होती. अशा वेळी, वयाची तिशी पूर्ण होण्याआधीच, माधवराव दिवाण झाले.

हस्तक्षेपाला निमित्तच उरू द्यायचे नाही, हा त्यांच्या धोरणाचा पाया होता. मिरी आणि तंबाखूचे सरकारी मक्ते त्यांनी मोडीत काढले, अनेक किरकोळ कर रद्द केले, कर्ज फेडले आणि रस्ते, शाळा, न्यायालये उभी केली. १८७२ मध्ये त्यांनी पद सोडले, तेव्हा राज्य खालसा करण्याची भाषा मागे पडली होती.

सुधारणांइतकाच त्यांनी कायद्याचाही आधार घेतला. १८६८ मध्ये आलेप्पी येथील व्यापारी अधिकारी जॉन लिडेल याला त्रावणकोरच्या न्यायालयाने अपहाराबद्दल शिक्षा ठोठावली. युरोपीय ब्रिटिश प्रजाजनावर संस्थानी न्यायालयात खटला चालविता येत नाही, अशी भूमिका मद्रास सरकारने घेतली. आपल्या भूमीवर न्यायदान करणे हा सार्वभौमत्वाचा अंगभूत अधिकार आहे आणि जो अधिकार तहाने सोडलेला नाही तो राज्याकडेच राहतो, असा युक्तिवाद माधवरावांनी केला. मद्रास सरकारला अखेर तो मान्य करावा लागला. पुढे या अधिकारावर मर्यादा आल्या; तरीही एका मांडलिक राज्याने राष्ट्रांच्या कायद्याची भाषा वापरून वरिष्ठ सत्तेला भूमिका बदलायला लावली होती.

इंदूरच्या होळकर दरबारातील सेवेनंतर १८७५ मध्ये ते बडोद्यास आले. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याच्या आरोपावरून मल्हारराव गायकवाड यांना अटक झाली होती. चौकशी आयोगातील तीन ब्रिटिश आणि तीन हिंदी सदस्यांची मते दुभंगली. तेव्हा सरकारने विषप्रयोगाचा मुद्दा बाजूला ठेवला आणि गैरकारभाराच्या कारणावरून त्यांना पदच्युत केले. ज्या हस्तक्षेपापासून त्रावणकोरला वाचविण्यात माधवरावांनी उमेद खर्ची घातली, त्याच हस्तक्षेपाने रिकाम्या केलेल्या जागी दिवाण म्हणून बसण्याची वेळ त्यांच्यावर आली. त्यांनी ती स्वीकारली आणि राज्याची घडी बसविली. राज्यकारभाराची सूत्रे हाती घेणाऱ्या तरुण सयाजीराव गायकवाडांसाठी १८८१ मध्ये त्यांनी व्याख्याने दिली. ‘मायनर हिंट्स’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. उत्तम कारभार हेच संस्थानाचे सर्वांत मोठे संरक्षण, हे सूत्र त्यांतही आहे.

१८८७ मध्ये मद्रास येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाच्या स्वागत समितीचे ते अध्यक्ष होते. ४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस ब्रिटिश फौजांनी मणिपूर काबीज केले. पाठोपाठ २१ ऑगस्टच्या राजपत्रात, ब्रिटिश सरकार आणि अंकित संस्थाने यांच्या संबंधांना आंतरराष्ट्रीय कायद्याची तत्त्वे लागू होत नाहीत, असे हिंदुस्थान सरकारने जाहीर केले. लिडेल प्रकरणात माधवरावांनी जी वाट धरली होती, ती आता अधिकृतपणे बंद झाली.

माधवरावांच्या मार्गाची मर्यादा येथे दिसते. सुशासनाने निमित्त टळते. परंतु निमित्त कोणते, हे बलवानच ठरविणार असेल तर दुर्बळाला शाश्वती मिळत नाही. २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे स्वाक्षऱ्या झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने नेमका हाच अधिकार बलवानाकडून काढून घेतला. अन्य राज्याच्या प्रादेशिक अखंडतेविरुद्ध किंवा राजकीय स्वातंत्र्याविरुद्ध बळ वापरण्यास तिने मनाई केली. सशस्त्र हल्ला झाल्यावरचे स्वसंरक्षण आणि सुरक्षा परिषदेची मंजुरी, एवढेच अपवाद तिने ठेवले. थकलेली खंडणी, नसलेला वारस किंवा गैरकारभार यांना त्या यादीत स्थान नाही. या नियमाचे उल्लंघन आजही होते. पण ते करणाऱ्यालाही जगापुढे स्वसंरक्षणाचे कारण द्यावे लागते.

त्या सनदेवर भारताच्या वतीने ए. रामस्वामी मुदलियार आणि व्ही. टी. कृष्णम्माचारी यांनी स्वाक्षऱ्या केल्या. त्यांपैकी कृष्णम्माचारी हे १९४४ पर्यंत बडोद्याचे दिवाण, म्हणजे माधवरावांच्याच जागेचे वारसदार होते.