पंचांगकर्ते वैज्ञानिक : डॉ. मेघनाद साहा

कचेरीत सुट्ट्यांची यादी आली की एकाच सणाच्या दोन तारखांवरून शेजारी-शेजारी वाद होतो, हे आम्ही परप्रांतीय मराठी मंडळी नेहमीच अनुभवतो. हा घोळ निस्तरण्यासाठी १९५२ साली पंचांग-सुधारणा समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष डॉ. मेघनाद साहा.

ढाक्याजवळच्या खेड्यातील गरीब दुकानदाराच्या घरी १८९३ साली त्यांचा जन्म झाला. गव्हर्नराच्या भेटीवरील बहिष्कारात सामील झाल्याने १९०५ मध्ये शाळा सुटली, शिष्यवृत्तीही गेली. पुढे १९२० मध्ये ताऱ्यांच्या प्रकाशाचा अर्थ उलगडणाऱ्या समीकरणाने ते जगद्विख्यात झाले. असा मनुष्य साठीच्या उंबरठ्यावर तिथी-नक्षत्रांच्या वादात पडला!

समितीने देशातील सुमारे तीस पंचांगे तपासली. सभासदांत नागपूरचे के. ल. दप्तरी व पुण्याचे ज. स. करंदीकर होते, याचा आम्हांस सार्थ अभिमान आहे. पारंपरिक वर्ष ऋतुवर्षाहून सुमारे २४ मिनिटांनी मोठे; म्हणूनच उत्तरायण २२ डिसेंबरच्या सुमारास लागूनही संक्रांत जानेवारीत येते.

अहवाल १९५५ मध्ये निघाला. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कचेरीकडे जाताना साहा वाटेतच कोसळले. २२ मार्च १९५७ रोजी, चैत्र १, शके १८७९ या दिवशी, राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. सणांच्या तिथी मात्र चंद्राकडेच राहिल्या.