खडूचा दगड आणि थॉमस हक्सले

आमचे आजोबा पान खातात. त्यांच्या चंचीत चुन्याची डबी असते. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर एसटीने पुण्याला मामाकडे गेले होते. मामा स्वारगेटला खोली घेऊन राहतो आणि कॉलेजात शास्त्र शिकतो. स्वारगेटच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या आजोबांनी टपरीवरून डबीत चुना भरून घेतला. मी मामाला विचारलं, चुना कशाचा करतात. मामाने सांगितले की चुनखडीचा दगड भट्टीत भाजून चुना करतात. कोकणात पूर्वी शिंपले भाजूनसुद्धा करायचे. आणि जगातली पुष्कळ चुनखडी समुद्राच्या तळाशी तयार झाली आहे.

मला काही खरं वाटेना. मग खोलीवर गेल्यावर मामाने अंड्याच्या टरफलावर लिंबू पिळलं. टरफलावर बारीक बारीक बुडबुडे आले. अंड्याचं टरफल, शिंपला आणि चुनखडी हे सगळे एकाच पदार्थाचे असतात. त्याचे नाव कॅल्शियम कार्बोनेट. त्याच्यावर आंबट रस पडला की कार्बन डायॉक्साइड वायू सुटतो. तेच ते बुडबुडे. नंतर मामाने मला हक्सले यांची गोष्ट सांगितली. तीच मी आता लिहिते.

थॉमस हेन्री हक्सले हे इंग्लंडमधले मोठे शास्त्रज्ञ होते. त्यांचा जन्म ४ मे १८२५ रोजी लंडनजवळ ईलिंग या गावी झाला. त्यांचे वडील शाळेत गणित शिकवत. पण घरची परिस्थिती बिघडली आणि हक्सले यांची शाळा दहाव्या वर्षीच सुटली. ते फक्त दोन वर्षे शाळेत गेले. मी आता दहा वर्षांची आहे. माझी शाळा आत्ताच सुटली तर काय होईल, असं माझ्या मनात आलं. पण हक्सले घरी बसून पुस्तके वाचत राहिले. जर्मन भाषा ते आपली आपणच शिकले. पुढे ते वैद्यकी शिकले.

१८४६ साली ते रॅटलस्नेक नावाच्या जहाजावर सहाय्यक डॉक्टर म्हणून गेले. जहाज ऑस्ट्रेलियाकडे गेले होते. त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक यंत्र होते. समुद्रात सापडणारे जेलीफिशसारखे मऊ प्राणी ते बघायचे आणि त्यांची चित्रे काढायचे. ते प्राणी बाहेर काढले की लवकर खराब होतात, म्हणून ताबडतोब बघावं लागायचं. हे काम एवढं चांगलं झालं की १८५१ साली त्यांना रॉयल सोसायटीचे सभासद करून घेतले. तेव्हा ते फक्त सव्वीस वर्षांचे होते. १८५४ साली ते लंडनला खाणकाम शिकवणाऱ्या सरकारी शाळेत शिकवू लागले.

आता खरी गंमत पुढे आहे. त्या वेळी युरोपातून अमेरिकेला तार पाठवण्यासाठी समुद्राखालून केबल टाकायची होती. त्यासाठी समुद्र किती खोल आहे आणि तळ कसा आहे हे बघायला पाहिजे. म्हणून १८५७ साली सायक्लॉप्स नावाचे जहाज अटलांटिक महासागरात गेले. त्यांनी दोरीला वजन बांधून खाली सोडले आणि तळाचा गाळ वर काढला. काही ठिकाणी समुद्र दोन मैलांपेक्षा खोल निघाला. म्हणजे कात्रजहून स्वारगेटला येतो त्याच्या निम्म्याहून जास्त अंतर, पण सरळ खाली! तो गाळ स्पिरिटच्या बाटल्यांत भरून हक्सले यांच्याकडे तपासायला आला.

हक्सले यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. तो नुसता चिखल नव्हता. त्यात फुग्यांचे घोस असतात तशी इवलीइवली कवचे होती. ती ग्लोबिजरिना नावाच्या जीवाची. आणखी फारच बारीक गोल चकत्या होत्या. त्यांना हक्सले यांनी कॉकोलिथ असे नाव दिले. त्या चकत्या कुणाच्या, हे पहिल्यांदा त्यांना कळलं नव्हतं. आता आपल्याला माहीत आहे की समुद्रात वरच्या उजेडात तरंगणारे बारीक शेवाळ अंगाभोवती अशा चकत्यांचे चिलखत करते.

हे जीव कवचासाठी कॅल्शियम कुठून आणतात? ते पाण्यात विरघळलेले असते. पाऊस डोंगरातले दगड झिजवतो आणि नद्या त्यातले कॅल्शियम समुद्रात नेतात. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडातही कॅल्शियम आहे. पुण्याची मुठा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे आपल्याकडचं कॅल्शियमसुद्धा समुद्रातल्या जिवांना मिळतं. ते जीव मेले की कवचे खाली खाली जातात आणि तळावर पांढरा गाळ साचतो. हजार वर्षांत साधारण एक-दोन सेंटिमीटरच साचतो. वरून आणखी गाळ पडला की खालचा दाबला जातो. लाखो वर्षांनी त्याचा दगड होतो. पण समुद्र चार-पाच हजार मीटरपेक्षा खोल असला तर तिथल्या थंड पाण्यात कवचे विरघळून जातात आणि नुसती तांबूस माती उरते.

इंग्लंडमध्ये खडूचा पांढरा मऊ दगड पुष्कळ आहे. त्याचा पातळ काप करून बघितला तर आतमध्ये तशीच कवचे आणि तशाच चकत्या दिसतात. म्हणजे आज जिथे शेते आणि घरे आहेत, तिथे एकेकाळी समुद्र होता. तो दगड साचायचा काळ संपत आला तेव्हा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आपल्याकडे लाव्हारस वाहून सह्याद्रीचा दगड झाला. १८६८ साली हक्सले यांनी नॉर्विच या गावी कामगारांना खडूवर व्याख्यान दिले. ते नेहमी म्हणायचे की शास्त्र नुसतं मोठ्या लोकांसाठी नाही, कामगारांनाही कळलं पाहिजे.

त्याच वर्षी त्यांची एक चूक झाली. बाटलीतला जुना गाळ त्यांनी पुन्हा बघितला. त्यात त्यांना चिकट, जेलीसारखं काहीतरी दिसलं. त्यांना वाटलं हा नवीनच जीव आहे. त्यांनी त्याला बॅथिबियस हे नाव दिले. सगळीकडे त्याचा बोलबाला झाला. पुढे १८७२ साली चॅलेंजर जहाज जगातले समुद्र तपासायला निघाले. त्यावरच्या लोकांनी ताजा गाळ पुष्कळ बघितला, पण जेली काही सापडेना. शेवटी जहाजावरचे रसायनशास्त्रज्ञ बुकॅनन यांनी शोधून काढले की समुद्राच्या पाण्यात स्पिरिट ओतलं की कॅल्शियम सल्फेटचा साका होतो. म्हणजे तो जीव नव्हताच! हे १८७५ साली हक्सले यांना पत्राने कळले. त्यांनी ते पत्र लपवून ठेवले नाही. स्वतःची चूक त्यांनी छापून सगळ्यांना सांगितली.

आता मला माझी चूक सांगायची आहे. सुट्टी संपल्यावर मी वर्गात सांगितलं होतं की आपला फळ्यावरचा खडू समुद्रातल्या कवचांचा आहे, आणि मी लिंबू पिळून बघितलं तर त्याला फेस आला. ते खोटं होतं. मी फक्त अंड्याच्या टरफलावर बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी लिंबू आणलं आणि मला पिळायला सांगितलं. खडूला एकसुद्धा बुडबुडा आला नाही. मुलं हसली. मी म्हटलं की लिंबूच वाईट आहे. पण त्याच लिंबाने गुरुजींनी आणलेल्या शिंपल्याला फेस आला होता. मला फार रडू आलं. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी सांगितले की आपल्या शाळेतला खडू जिप्समचा आहे आणि जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. बाटलीत ज्याने हक्सले फसले तेच! मी पण त्यातच फसले. पण हक्सले खोटं बोलले नव्हते, मी बोलले. लिंबू चांगलं होतं. म्हणून मी हे इथे सगळ्यांना दिसेल असं लिहिते.

हक्सले १८७० साली लंडनच्या शाळा मंडळावर निवडून आले. सगळ्या मुलांना चांगली शाळा मिळावी म्हणून त्यांनी काम केले. २९ जून १८९५ रोजी ईस्टबोर्न येथे ते वारले. त्या गावाजवळ समुद्राकाठी खडूच्याच दगडाचे उंच पांढरे कडे आहेत.

तुम्ही पण घरी अंड्याच्या टरफलावर लिंबू पिळून बघा. पण जे दिसेल तेच वर्गात सांगा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी