विश्लेषण : जेआरडींची बुगाटी काय शिकवते? ट्रॅकसाठीची गाडी घेण्याआधी करायचा हिशेब

राहू (ता. दौंड) : शर्यतीचा बैल विकत घेणे एक वेळ सोपे, तो सांभाळणे अवघड. शिरूर-दौंड पट्ट्यात हे कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. हा बैल कोणी नांगराला जुंपत नाही. त्याचा खुराक वेगळा, त्याची निगा वेगळी आणि तो पळतो तो घाटात, डांबरी रस्त्यावर नाही.

शर्यतीच्या ट्रॅकसाठी बनवलेल्या स्पोर्ट्स कारचेही असेच असते. अलीकडे अशा गाड्यांचे व्हिडीओ गावोगावच्या मोबाइलवर पोहोचले आहेत. ऊस, जमीन किंवा धंद्यातून हातात पैसा आलेली तरुण मंडळी ‘जुनी का होईना, एखादी घ्यावी का’ असा विचार करू लागली आहेत. साधारण शंभर वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका तरुणालाही वेगाची अशीच ओढ होती. त्याच्याकडे बुगाटी होती. वेगात गाडी चालवल्याच्या प्रकरणात त्याला वकील गाठावा लागला. पुढे याच तरुणाने देशाची पहिली विमानसेवा उभी केली. हा तरुण म्हणजे जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा, अर्थात जेआरडी.

वेगाची ओढ कुठून आली?

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील आर. डी. टाटा हे जमशेदजी टाटांचे नातलग आणि व्यवसायातले भागीदार. आई सुझान फ्रेंच, लग्नानंतर त्या सूनी झाल्या. भारतात मोटार चालवणारी पहिली महिला म्हणून त्यांचे नाव सांगितले जाते. म्हणजे घरात मोटारीचे कौतुक आधीपासूनच होते.

उन्हाळ्यात हे कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील हार्डेलो येथे राहायला जाई. १९०९ मध्ये विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारे लुई ब्लेरियो यांचेही तिथे घर होते. त्या किनाऱ्यावर विमाने उतरताना पाहतच जेआरडी मोठे झाले. पंधराव्या वर्षी ते पहिल्यांदा विमानात बसले आणि वैमानिक व्हायचे त्यांनी तेव्हाच ठरवले.

केंब्रिजला जाऊन इंजिनीअरिंग शिकायची त्यांची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. फ्रेंच सैन्यातील सक्तीची सेवा आटोपून १९२५ मध्ये ते मुंबईला आले आणि टाटा समूहात बिनपगारी उमेदवार म्हणून रुजू झाले. पुढच्याच वर्षी वडील गेले आणि बावीस वर्षांच्या मुलावर घरची जबाबदारी आली. पदवी राहून गेल्याची खंत त्यांना पुढे आयुष्यभर होती.

बुगाटी म्हणजे त्या काळी काय?

एत्तोरे बुगाटी यांचा कारखाना फ्रान्सच्या अल्सास भागातील मोल्शेम गावी होता. या कारखान्याचे वैशिष्ट्य असे, की शर्यतीची गाडी आणि गिऱ्हाइकाची गाडी यांत फारसे अंतर नसे. १९२४ मध्ये लिऑनच्या ग्रांप्रीत ‘टाइप ३५’ पहिल्यांदा उतरली. त्या दिवशी टायरांनी दगा दिला. पण पुढे याच घराण्यातल्या गाड्यांनी सिसिलीची अवघड टार्गा फ्लोरिओ शर्यत १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षे जिंकली. अशी गाडी खासगी गिऱ्हाईकही पैसे मोजून घेऊ शकत होते.

तिची रचना पाहिली, की ट्रॅकची गाडी महाग का पडते ते कळते. इंजिन दोन लिटरचे, आठ सिलिंडरचे. क्रँकशाफ्ट बॉल आणि रोलर बेअरिंगवर फिरे, त्यामुळे घर्षण कमी आणि फेरे जास्त. मात्र हा क्रँकशाफ्ट अनेक तुकडे जोडून बनवलेला असे. तो उघडून पुन्हा जुळवणे वेळखाऊ, खर्चिक आणि निष्णात कारागिराचे काम होते. चाके ॲल्युमिनियमची आणि ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला. त्यामुळे वजन वाचे, ब्रेक लवकर थंड होत आणि चाक काढले की ब्रेक समोर दिसे.

हा खर्च ज्यांना झेपणार नाही, त्यांच्यासाठी कंपनीने साध्या बेअरिंगची ‘३५ ए’ आणि चार सिलिंडरची ‘टाइप ३७’ काढली. रूप जवळपास तेच, वेग थोडा कमी, देखभाल बरीच सोपी. गाडी सर्वांत वेगवान हवी की आपल्याला सांभाळता येईल अशी हवी, हा प्रश्न त्या काळच्या गिऱ्हाइकापुढेही होताच. मुंबईतल्या मालकाची अडचण आणखी वेगळी. सुटा भाग हवा असेल तर तो युरोपातून बोटीने यायचा.

वकिलाची पायरी का चढावी लागली?

गाडी वेगवान होती. मुंबईचे रस्ते मात्र घोडागाड्या, ट्राम, सायकली आणि पायी चालणाऱ्यांचे होते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बुगाटी बेफाम चालवल्याच्या प्रकरणात जेआरडींना नामांकित वकील जॅक विकाजी यांच्याकडे जावे लागले. तिथे त्यांची ओळख विकाजींची पुतणी थेल्मा, म्हणजेच थेली यांच्याशी झाली. डिसेंबर १९३० मध्ये दोघांचे लग्न झाले.

हा किस्सा नेहमी प्रेमकथा म्हणून रंगवून सांगितला जातो. त्यात एक गोष्ट मागे पडते. गाडी, पैसा, कौशल्य आणि घराण्याचे नाव, सगळे जवळ होते. नव्हती ती फक्त त्या गाडीला साजेशी जागा.

मग वेग गेला कुठे?

तो आकाशात गेला. मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू होताच जेआरडींनी तिथे नाव घातले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला हा पहिला परवाना, क्रमांक १. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडले.

भारत आणि इंग्लंडदरम्यान एकट्याने उड्डाण करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखानांनी बक्षीस जाहीर केले. १९३० मध्ये जेआरडी कराचीहून निघाले. समोरून, इंग्लंडहून, ॲस्पी इंजिनिअर येत होते. इजिप्तमध्ये अबुकिरच्या तळावर दोघांची गाठ पडली. स्पार्क प्लगअभावी ॲस्पी अडकून पडले होते. जेआरडींनी आपल्याकडचे जादा प्लग त्यांना दिले. ॲस्पी काही तासांच्या फरकाने शर्यत जिंकले आणि पुढे हवाई दलाचे प्रमुखही झाले. रस्त्यावर वेगासाठी वकील गाठावा लागलेल्या तरुणाने इथे जिंकण्यापेक्षा शर्यतीची रीत मोठी मानली.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी ‘पस मॉथ’ हे एका इंजिनाचे छोटे विमान घेऊन टपाल पोहोचवण्यासाठी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू मैदानात उतरले. टाटांची विमानसेवा इथून सुरू झाली. पावसाळ्यात जुहूच्या मैदानात पाणी साचे, तेव्हा तळ पुण्याला हलवावा लागे. विमानात प्रत्येक किलोचा, प्रत्येक लिटर इंधनाचा हिशेब असतो. उड्डाणाआधी तपासणी, उड्डाणानंतर नोंद आणि ठरलेल्या तासांनंतर इंजिनाची देखभाल, हे सगळे सक्तीचे. वेगाची हौस तीच होती, तिला शिस्तीची चौकट मिळाली.

१९३८ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी ते टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. १९४५ मध्ये टेल्को स्थापन झाली. तिचा पुण्याचा कारखाना पुढे पिंपरी-चिंचवडच्या उद्योगाचा कणा बनला आणि जिल्ह्यातल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटली. एअर इंडियाचे अध्यक्ष असताना सीटपासून चहापर्यंत बारीकसारीक गोष्टींच्या नोंदी करून ते अधिकाऱ्यांना पाठवत. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले.

आजच्या खरेदीदाराने काय तपासावे?

जागा : देशातली मोठी सर्किट म्हणजे चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरचे करी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट. तिन्ही पुण्यापासून लांब. वर्षातून किती वेळा तिथे जाणार, गाडी ट्रकवर चढवून नेणार की चालवत, हे आधी ठरवा. त्या फेऱ्यांचा खर्च गाडीच्या किमतीतच धरा.

रस्ता : ट्रॅकची गाडी जमिनीला लागून चालते, सस्पेन्शन कडक असते. केसनंद-राहू रस्त्यावरचा एखादा उंच गतिरोधक पुढचे बंपर सोलून काढू शकतो. हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात, काहींना मागे रिफ्लेक्टरही नसतो. थोडे गणित करू. कोरड्या रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरला ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंत साधारण ५५ मीटर लागतात. वेग दुप्पट केला, तर अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते, म्हणजे सुमारे २२० मीटर. ब्रेक दाबायला लागणारा वेळ यात धरलेलाच नाही. रात्री हेडलाइटच्या उजेडात एवढे लांबचे दिसत नाही.

देखभाल : ट्रॅकचे टायर मऊ रबराचे असतात, लवकर झिजतात आणि पाण्यात पकड सोडतात. ब्रेक पॅड, डिस्क, ब्रेक ऑइल नेहमीच्या गाडीपेक्षा कितीतरी लवकर बदलावे लागते. जुनी गाडी घेत असाल तर किलोमीटरचा आकडा पाहून भागत नाही. ट्रॅकवरचे थोडे किलोमीटरही इंजिनाला आणि गिअरबॉक्सला खूप ताण देतात. सर्व्हिसच्या नोंदी मागा, गाडी लिफ्टवर चढवून खालून तपासा आणि सुटे भाग कुठून, किती दिवसांत येतात ते विचारा.

विमा आणि कायदा : नेहमीच्या मोटार विम्यात शर्यत आणि वेगचाचणी धरलेली नसते. ट्रॅकवर झालेले नुकसान बहुतेक वेळा मालकाच्याच अंगावर पडते. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास कैद वर्षापर्यंत आणि दंड दहा हजारांपर्यंत जाऊ शकतो.

चालक : गाडीआधी स्वतःवर खर्च करा. सर्किटवरच्या प्रशिक्षण शाळा आपल्या गाड्या देऊन शिकवतात. दोन-तीन दिवसांत कळते, की ही हौस टिकणारी आहे की व्हिडीओपुरती. जेआरडींनीही आधी क्लबच्या विमानावर शिकून परवाना घेतला, विमानसेवा त्यानंतर आली.

मग घ्यावी की नाही?

वरच्या पाचही प्रश्नांना उत्तर असेल, तर जरूर घ्यावी. हौसेला मोल नसते, पण देखभालीला असते. बैलगाडा शर्यतीलाही आज जिल्हा प्रशासनाची परवानगी, नियम आणि ठरलेला घाट लागतो. त्या चौकटीमुळे शर्यतीची मजा कमी झालेली नाही.

ऑक्टोबर १९८२ मध्ये पहिल्या टपाल उड्डाणाला ५० वर्षे झाली. तेव्हा ७८ वर्षांचे जेआरडी जुन्या पद्धतीच्या छोट्या विमानात एकटे बसले आणि कराचीहून पुन्हा मुंबईला आले. विशीतली वेगाची हौस त्यांनी जवळपास ऐंशीपर्यंत जपली. ती जपता आली, कारण तिला योग्य जागा त्यांनी वेळेत शोधली होती.