शिंप्याचा मुलगा आणि लाटांचे गणित

स्नेहसंमेलनात काढलेले एखादे छायाचित्र आपण संकेतस्थळावर पाहू लागतो. ते उघडायला वेळ लागला की आपण चरफडतो. झटकन उघडले तर मात्र कोणाचेच आभार मानीत नाही. आडवे ४००० आणि उभे ३००० बिंदू असलेल्या छायाचित्रात १ कोटी २० लक्ष बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगासाठी एकेक बाइट धरला तरी हा आकडा ३ कोटी ६० लक्ष बाइटांवर जातो. हे ओझे दहाव्या हिश्शावर आणले तरी डोळ्यांना बहुधा फरक कळत नाही. ज्या गणितामुळे हे साधते त्याचे मूळ संगणकात नाही. ते दोनशे वर्षांपूर्वी उष्णतेचा ध्यास घेतलेल्या एका फ्रेंच माणसाच्या चरित्रात आहे.

झाँ बातिस्त जोझेफ फूरिये यांचा जन्म २१ मार्च १७६८ रोजी फ्रान्समधील ओसेर या गावी झाला. वडील शिंपी होते. वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास आईबापांचे छत्र हरपले. गावात बेनेडिक्टाइन संन्याशांनी चालविलेली लष्करी शाळा होती. तेथे या पोरक्या मुलाला प्रवेश मिळाला आणि तेथेच त्याला गणिताची गोडी लागली. दिवसा मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे गोळा करावे आणि रात्री सारे निजल्यावर त्यांच्या उजेडात गणिते सोडवावी, असा त्याचा परिपाठ होता असे सांगतात. पुढे सैन्यातील शास्त्रीय शाखेत जाण्याची इच्छा होती. परंतु कुळ उच्च नसल्याने ती वाट बंद झाली. मग १७८७ मध्ये तो मठात दाखल झाला. दोन वर्षांनी फ्रेंच राज्यक्रांतीचा भडका उडाला आणि दीक्षा न घेताच फूरिये मठाबाहेर पडले.

ओसेरला परतून ते शिक्षक झाले आणि १७९३ मध्ये तेथील क्रांतिसमितीत सामील झाले. समतेवर त्यांची श्रद्धा होती. पण समतेच्या नावाने चाललेला रक्तपात त्यांना मानवेना. दहशतीच्या तडाख्यात सापडलेल्यांची त्यांनी बाजू घेतली आणि १७९४ मध्ये स्वतःच कारागृहात गेले. त्या दिवसांत कारागृहातून वधस्तंभाकडे जाणारी वाट फार आखूड असे. जुलैअखेर रोब्सपिअरचा पाडाव झाला म्हणून फूरिये वाचले. क्रांतीचे पारडे आणखी काही आठवडे तसेच राहते, तर आजची आपली छायाचित्रे कोणत्या गणिताने लहान झाली असती, हे सांगता येणार नाही.

१७९५ मध्ये पॅरिसच्या नव्या अध्यापक विद्यालयात त्यांना लाग्रांज, लाप्लास आणि माँज यांच्यासारखे गुरू लाभले. लवकरच ते एकोल पॉलितेक्निकमध्ये शिकवू लागले आणि १७९७ मध्ये खुद्द लाग्रांज यांच्या जागी त्यांची नेमणूक झाली. शिंप्याच्या पोरक्या मुलाने वयाच्या तिशीआधीच एवढी मजल मारली होती.

१७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तच्या स्वारीवर निघाला, तेव्हा त्याने सैन्याबरोबर विद्वानांचा तांडाही नेला. त्यात फूरिये होते. कैरो येथे स्थापन झालेल्या विद्वत्संस्थेचे ते चिटणीस झाले. १८०१ मध्ये ते मायदेशी परतले. पुन्हा अध्यापनात रमावे एवढीच त्यांची अपेक्षा होती. पण नेपोलियनने त्यांना इझेर प्रांताचे प्रमुख अधिकारी म्हणून ग्रेनोबल येथे धाडले. तेथे त्यांनी बूरग्वाँच्या दलदली कोरड्या करविल्या आणि ग्रेनोबलहून तुरिनकडे जाणाऱ्या घाटरस्त्याचे काम हाती घेतले. याच गावात शाम्पोलियाँ नावाच्या कोवळ्या मुलाला त्यांच्याकडील इजिप्तच्या संग्रहाने वेड लावले. पुढे याच मुलाने प्राचीन इजिप्तची चित्रलिपी उलगडली.

कचेरीच्या कामातून उरलेल्या वेळात फूरिये एका प्रश्नाच्या मागे लागले होते. धातूचा तुकडा एका बाजूने तापविला, तर उष्णता त्यात कशी पसरते? याचे उत्तर शोधताना त्यांनी एक धाडसी विधान केले. तपमानाची मांडणी कितीही वेडीवाकडी असो, ती साध्या, नियमित लाटांच्या बेरजेने मांडता येते. काही लाटा लांब आणि संथ, काही आखूड आणि वेगाने बदलणाऱ्या. तानपुऱ्याचे उदाहरण घ्या. एकच तार छेडली तरी मूळ स्वराबरोबर तिच्यातून अनेक बारीक स्वर निघतात आणि त्या साऱ्यांच्या मिश्रणाने तिचा नाद बनतो. फूरिये यांचे म्हणणे असे, की जे नादाचे तेच उष्णतेचे.

२१ डिसेंबर १८०७ रोजी त्यांनी हा निबंध पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे ठेवला. परीक्षक होते लाग्रांज, लाप्लास, माँज आणि लाक्र्वा. ज्यांच्यापाशी विद्या घेतली, तेच न्यायासनावर! गुळगुळीत लाटांची बेरीज करून एकदम तुटणारी रेषा कशी मिळेल, हे लाग्रांज यांना काही केल्या पटेना. निबंध छापला गेला नाही. पुढे संस्थेने याच विषयावर स्पर्धा जाहीर केली. फूरिये यांनी १८११ मध्ये निबंध वाढवून पुन्हा धाडला. पारितोषिक मिळाले, पण सिद्धतेत काटेकोरपणा कमी आहे असा शेरा मारूनच. निबंध तेव्हाही छापला गेला नाही. अखेर १८२२ मध्ये त्यांचा उष्णतेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पहिल्या निबंधापासून मोजली तर पंधरा वर्षे गेली होती.

परीक्षकांना केवळ मत्सरी ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. सिद्धतेत उणीव होती, हे खरेच होते. ती डिरिश्ले या तरुण जर्मन गणितज्ञाने १८२९ मध्ये पुष्कळ अंशी भरून काढली. गुरूंची शंका रास्त होती आणि शिष्याची दृष्टीही खरी होती. विद्येच्या क्षेत्रात असे प्रसंग वारंवार येतात.

आता छायाचित्राकडे वळू. जेपेग ही १९९२ मध्ये प्रमाणित झालेली पद्धत चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडते. प्रत्येक चौकोनातील ६४ आकडे ती ६४ लाटांच्या मापांत बदलते. आकाश किंवा भिंत असेल तर संथ लाटाच जवळजवळ सारे काम करतात. अतिसूक्ष्म लाटांची मापे ठोकळ केली की त्यांतील बरीच शून्य होतात; शून्यांची रांग थोडक्यात लिहिता येते आणि फाइल लहान होते. मात्र काळ्या अक्षराच्या तीक्ष्ण कडेपाशी लाटा कमी पडतात आणि कडेभोवती धुरकट तरंग उमटतात. लाग्रांज यांना खुपणारी तुटक रेषा ती हीच! म्हणूनच छायाचित्राला जेपेग आणि अक्षरांच्या वा रेषांच्या चित्राला काहीही न गाळणारी पीएनजी पद्धत वापरणे शहाणपणाचे. पुढे आलेल्या वेबपी व एव्हीआयएफ या पद्धतीही याच घराण्यातल्या आहेत.

जेपेगमधील लाटांचे हे विशिष्ट रूप सुचले ते बंगळूर येथे जन्मलेल्या व तेथेच अभियांत्रिकी शिकलेल्या नसीर अहमद यांना. १९७२ मध्ये त्यांनी या संशोधनासाठी अमेरिकेत अनुदान मागितले. ते मिळाले नाही. तरीही टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी काम पुरे केले आणि जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. फूरिये यांचा वारसा असा नकारासकट आपल्या कर्नाटकापर्यंत पोहोचला.

फूरिये यांची अखेरची वर्षे मानाची गेली. १८२२ मध्ये ते विज्ञान अकादमीचे कायम चिटणीस झाले. तरुण गणितज्ञांना त्यांनी हात दिला. स्त्रियांना मज्जाव असलेल्या त्या काळी सोफी जेर्मँ यांना अकादमीच्या सभांना बसता यावे म्हणून त्यांनी साहाय्य केले. प्रकृती मात्र खालावत गेली. उष्णतेचा हा अभ्यासक तापविलेल्या खोलीत अंगावर कपड्यांचे थर चढवून बसे. १६ मे १८३० रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्याकडे परीक्षणासाठी आलेला गॅल्वा या अठरा वर्षांच्या मुलाचा निबंध त्यानंतर सापडलाच नाही. ज्यांचा स्वतःचा निबंध पंधरा वर्षे अडकून पडला, त्यांच्या मृत्यूने दुसऱ्या एका बुद्धिमंताचा निबंध गडप व्हावा, हा दैवाचा क्रूर खेळच म्हणायचा.

ओसेरमधील त्यांचा ब्राँझचा पुतळा दुसऱ्या महायुद्धात वितळविला गेला. त्यांचे गणित मात्र वितळले नाही. मित्रहो, उद्या तुमचा एखादा प्रकल्प परीक्षकांच्या शेऱ्यासह परत आला, तर दोन गोष्टी कराव्या. शेरा नीट वाचावा, कारण तो बरोबर असू शकतो. आणि काम सोडू नये, कारण तुम्हीही बरोबर असू शकता.