फिरंगोजी नरसाळा आणि चाकणचे बाण

चाकण म्हटले, की आज डोळ्यांपुढे मोटारींचे कारखाने आणि नाशिक रस्त्यावरची अवजड वाहतूक उभी राहते. याच गावात संग्रामदुर्ग या भुईकोटाचे अवशेष आहेत. १६६० च्या पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळा यांनी हा कोट शाएस्ताखानाच्या प्रचंड सेनेविरुद्ध सुमारे ५५ दिवस लढविला.

चाकण हे शहाजीराजांच्या जहागिरीतील ठाणे. दादोजी कोंडदेवांच्या निधनानंतर, १६४७ च्या सुमारास, शिवाजी महाराजांनी जहागिरीचा कारभार हाती घेतला, तेव्हा चाकणचे किल्लेदार असलेल्या फिरंगोजींनी त्यांचे नेतृत्व मान्य केले. महाराजांनीही त्यांना त्याच जागी कायम ठेवले.

मे १६६० मध्ये शाएस्ताखान पुण्यात दाखल झाला आणि २१ जूनला चाकणपुढे येऊन ठेपला. मैदानावरील या कोटाला डोंगराचा आधार नव्हता. तट, बुरूज आणि खंदक एवढेच त्याचे संरक्षण. त्यातच महाराज स्वतः सिद्दी जौहरच्या वेढ्यामुळे पन्हाळ्यावर अडकलेले होते. १३ जुलैच्या रात्री ते तेथून निसटले खरे, परंतु चाकणला मदत पोहोचू शकली नाही. जे कोठारात होते, त्यावरच फिरंगोजींना लढायचे होते.

तोफा आणि बंदुका यांच्या जोडीला या कोठारात बाण होते. मराठी कागदपत्रांत बाण म्हणजे बहुधा दारूचा अग्निबाण. धनुष्याने सोडतात तो तीर. लोखंडी नळीत दारू ठासून ती लांब वेळूच्या काठीला बांधत आणि वात पेटवून बाण सोडत. दोन्हींचे मर्म मात्र एकच, ते म्हणजे काठी. संस्कृतात ‘शर’ हा शब्द बोरूसारख्या गवताच्या जातीलाही आहे आणि बाणालाही. काठी वाकडी असेल, तर तीर भरकटतो. अग्निबाण भरकटला, तर तो आपल्याच माणसांवर उलटण्याचा धोका असतो.

म्हणूनच काठीची निवड जोखमीची. वेळू सरळ आणि पक्व हवा, पेरी शक्यतो लांब हवीत. कोवळा वेळू वाळताना आकसतो, वाकतो. पावसाळ्यात तोडलेल्या ओल्या वेळूला भुंगा लवकर लागतो. पावसाळा सरल्यावर तोडून सावलीत वाळविलेला वेळू टिकतो. तिराच्या काठ्या तर जाडीने आणि वजनाने एकसारख्या लागतात, अन्यथा नेम साधत नाही. अशी काठी ऐन वेढ्यात, भर पावसात तयार होत नाही. ती आधीच्या हिवाळ्यातच निवडून, वाळवून ठेवावी लागते.

तोफांनी कोट पडेना, तेव्हा मोगलांनी ईशान्येकडील बुरुजापर्यंत भुयार खणले. १४ ऑगस्टला सुरुंग उडाला आणि बुरूज त्यावरील माणसांसह उद्ध्वस्त झाला. खिंडारातून मोगल आत घुसले, तो समोर मातीचा उंच बांध! फिरंगोजींनी तो आधीच घालून ठेवला होता. बांधाआडून बाण, गोळ्या आणि दगडांचा असा मारा झाला, की हल्ला त्या दिवसापुरता थबकला. या लढाईत मोगलांचे २६८ लोक ठार आणि ६०० जखमी झाले. दुसऱ्या दिवशी मोगलांनी कोटात प्रवेश केला. बालेकिल्ल्यात मागे हटलेल्या फिरंगोजींनी अखेर राव भावसिंह हाडा यांच्या मध्यस्थीने किल्ला सोडला.

या पराक्रमाने प्रभावित होऊन शाएस्ताखानाने त्यांना मोगलांची चाकरी देऊ केली. पराभूत किल्लेदाराला हा मोह मोठा होता. परंतु फिरंगोजींनी तो नाकारला आणि ते महाराजांकडे परतले. किल्ला गमावला म्हणून महाराजांनी त्यांना दोष दिला नाही. उलट गौरव करून पुढे भूपाळगडाची किल्लेदारी सोपविली.

एका भुईकोटासाठी खानाला जवळजवळ दोन महिने आणि शेकडो माणसे खर्ची घालावी लागली. मग सह्याद्रीतील डोंगरी किल्ल्यांची किंमत काय पडेल, हा प्रश्न चाकणने मोगलांपुढे उभा केला. हाती असलेली सामग्री वेळेपूर्वी सिद्ध ठेवणारा आणि पराभवातही निष्ठा न सोडणारा हा किल्लेदार चाकणकरांनी विसरता कामा नये.